ऐकलं एकानं, निकाल दिला दुसऱ्यानं: एका रस्ता केसची पूर्ण फाईल

सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या पट्ट्यातलं एक गाव. तालुका आणि गट नंबर सांगत नाही, माणसं ओळखू येतील म्हणून. अर्जदाराला अण्णा म्हणू, सामनेवाल्याला तात्या. दोघं चुलत भाऊ, एकमेकांच्या घरच्या लग्नाला अजून जातात, फक्त बोलत नाहीत. अण्णांचा अडीच एकर ऊस आतल्या अंगाला आणि तात्यांची चार एकर द्राक्षबाग गावरस्त्याला लागून, त्यामुळं अण्णांना रस्त्यावर यायचं तर तात्यांच्या रानातनं नाहीतर बांधानं, आणि ते नको असेल तर पाटाच्या चारीनं लांबचा वळसा. मी दुसऱ्या फेरीत अण्णांच्या बाजूनं वकीलपत्र दाखल केलं होतं, तेव्हा पुढचं वाचताना ते ध्यानात ठेवा.

आजोबांच्या काळात दोन्ही रानं एकच होती. वाटणी झाली तेव्हा विहीर सामाईक राहिली, आणि विहिरीकडं जाणारी बैलगाडीची वाट तात्यांच्या हिश्श्यातनं तिरकी जायची. वाटणीपत्र मी बघितलंय. पाण्याची पाळी कुणाची किती दिवस, मोटर कुणाची, पाईप कुणाचा, बांधावरच्या लिंबाचं लाकूड कुणी न्यायचं, सगळं लिहिलंय, वाटेबद्दल मात्र एक ओळ नाही. आपल्याकडं वाटणी करताना वाट कुणी लिहीत नाही, कारण त्या दिवशी सगळेच एकमेकांच्या रानातनं चाललेले असतात.

पुढं तात्यांनी बाग लावली, अँगल रोवले, तारा ओढल्या आणि ती तिरकी वाट गेली. अण्णांनी तेव्हा काही केलं नाही. पूर्वेच्या शेजाऱ्याचं रान पडीक होतं, ट्रॅक्टर तिकडनं जायचा, शेजारी पण काही म्हणायचा नाही. तीन हंगाम असेच गेले. मग शेजाऱ्यानं बोअर मारली, पाणी लागलं, ऊस केला आणि कुंपण घातलं. त्या नोव्हेंबरात कारखान्याची तोडीची स्लिप आली, टोळी फडात उतरली आणि ट्रॅक्टर-ट्रॉली गावरस्त्यावर उभी, आत यायला वाटच नाही. मोळ्या डोक्यावरनं रस्त्यापर्यंत आणायच्या म्हणून मुकादमानं जादा पैसे मागितले, ते द्यावे लागले, आणि त्याच आठवड्यात अण्णा तहसीलला अर्ज देऊन आले.

आता त्या अर्जाबद्दल, कारण अर्धी केस तिथंच बिघडली. अर्ज कुणीतरी टायपिंगवाल्यानं जुना नमुना काढून करून दिलेला, वर लिहिलेलं "महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ कलम १४३ व मामलेदार कोर्ट ॲक्ट १९०६ कलम ५(२) प्रमाणे अर्ज". असे अर्ज रोज येतात, दोन्ही कलमं टाकली की कुठलं ना कुठलं लागेल अशी समजूत. पण ही दोन कलमं दोन वेगळ्या माणसांसाठी आहेत. मामलेदार कोर्ट ॲक्टचं कलम ५ त्याच्यासाठी ज्याची वाट आधीपासून होती आणि कुणीतरी अडवली, आणि अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत तो दावा घेऊन आला. तिथं तहसीलदारानं बघायचं ते एवढंच की वाट होती का, अडवली का, कधी अडवली, आणि खरं निघालं तर अडथळा काढायला लावायचा. कलम १४३ त्याच्यासाठी ज्याला रानात जायला धड वाटच नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरच्या हद्दीवरनं जायचा हक्क मागतो. इथं ६ महिन्यांचा प्रश्न येत नाही, इथं बघायचं ते शेतकऱ्याला वाजवी वाटेची गरज किती. पण मिळणार ते हद्दीवरनं, म्हणजे बांधावरनं, कुणाच्या रानाच्या मधनं नाही. पुढचा रस्तापण वेगळा, कलम ५ च्या निकालावर अपील नाही, फक्त कलम २३ खाली पुनरीक्षण (म्हणजे वरच्या अधिकाऱ्यानं निकाल तपासून बघायचा), अधिकार कलेक्टरचे पण प्रत्यक्षात प्रकरण प्रांतांकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडं जातं. १४३ चा निकाल ज्याला मान्य नाही त्यानं १ वर्षाच्या आत दिवाणी दावा लावायचा. दोन्ही एकाच अर्जात घातली की सुनावणी घेणाऱ्याला नक्की कुठला प्रश्न सोडवायचाय हेच ठरत नाही, आणि तसंच झालं.

पहिली फेरी. नोटीस निघाली, तात्या हजर झाले, वकिलामार्फत म्हणणं दिलं की वाट बंद होऊन तीन वर्षं झाली, अर्ज मुदतबाह्य आहे. तहसीलदारांनी मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल मागवला. मंडळ अधिकारी जागेवर गेले ते नेमके कार्तिकीच्या दिवशी, तात्या पंढरपुरात वारीला. जिल्ह्यात त्या दिवशी कोण कुठं असतं हे सांगायला नको. पाहणीची नोटीस तात्यांना नव्हतीच, पंचनाम्यावर पंच म्हणून अण्णांचा मेहुणा आणि मेहुण्याचा भागीदार. अहवालात "जुन्या वाटेच्या खुणा दिसून येतात" एवढं वाक्य, खुणा कसल्या, चाकोरी का दगड का झाडं, काही नाही. अण्णांना तेव्हा वाटलं काम झालं. माझं मत असं की बाजूचा पंचनामा म्हणून ज्याला आपण खूश होतो तोच पुढं सगळ्यात आधी फाटतो.

युक्तिवाद झाले, रोजनाम्यावर (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद) "निकालासाठी बंद" लिहिलं गेलं आणि आठ-दहा दिवसांत साहेबांची बदली झाली. नवीन साहेब आले, टेबलावर निकालावर बंद असलेल्या फाईलींची चळत, वरनं निर्गतीचा तगादा. त्यांनी पक्षकारांना परत बोलावलं नाही, फाईल वाचली आणि निकाल दिला. दीड पानाचा निकाल, त्यातलं सव्वा पान अर्ज आणि म्हणणं यांचा गोषवारा. कारण म्हणून एकच वाक्य: "अर्जदार यांना रस्त्याची आवश्यकता असल्याचे दिसून येते, सबब". पुढं आदेश, कलम ५(२) अन्वये बागेच्या मधनं १२ फूट वाट खुली करावी. म्हणजे गरज बघितली १४३ ची, आदेश दिला कलम ५ चा, आणि ६ महिन्यांच्या मुद्द्यावर एक अक्षर नाही. बाग त्यावेळी ऑक्टोबर छाटणीतनं निघून घडावर आलेली. मधनं १२ फूट म्हणजे किती ओळी जाणार याचा विचार निकालात दिसत नाही, कारण निकाल लिहिणाऱ्यानं बाग बघितलेलीच नव्हती.

तात्या प्रांतांकडं गेले, स्थगिती लगेच मिळाली. तात्यांच्या वकिलांनी तिथं जो मुद्दा धरला तो मला आवडला, विरुद्ध बाजूचा असला तरी. गुल्लापल्ली नागेश्वर राव विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य रस्ते वाहतूक महामंडळ, सुप्रीम कोर्टाचा १९५९ च्या रिपोर्टमधला जुना निकाल. बसमार्ग सरकारी महामंडळाकडं घ्यायच्या योजनेवर खाजगी बसवाल्यांनी हरकती घेतल्या, हरकती ऐकल्या सचिवांनी आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. कोर्ट म्हणालं की एकानं ऐकायचं आणि दुसऱ्यानं ठरवायचं असेल तर तोंडी सुनावणी हा नुसता उपचार होतो. साक्षीदाराचा चेहरा, त्याचं अडखळणं, वकिलाला विचारलेली शंका, हे फाईलीत उतरत नाही, ते ऐकणाऱ्याकडंच राहतं. आपल्या तहसीलला बदल्यांच्या हंगामात हे इतक्या वेळा घडतं की कुणाला त्यात काही गैर वाटत नाही. नवीन अधिकाऱ्याला दोन्ही बाजूंना एक तारीख देऊन अर्धा तास ऐकायला काय जातं, पण "निकालावर बंद" म्हटलं की फाईल परत बोर्डावर घ्यायची म्हणजे पेशकारापासनं सगळ्यांच्या जिवावर येतं.

प्रांतांनी निकाल रद्द केला आणि प्रकरण फेरचौकशीला परत पाठवलं. कारणं तीन दिली. पाहणी नोटिशीशिवाय झाली, मुदतीचा मुद्दा ठरवला नाही, ऐकणारा आणि ठरवणारा वेगळा. वाट असावी का नसावी यावर प्रांत काहीच बोलले नाहीत आणि ते बरोबरच होतं. अण्णांचा मात्र आणखी एक हंगाम गेला, परत मोळ्या डोक्यावरनं, परत मुकादमाला जादा पैसे.

इथं मी फाईलीत आलो. तोवर तहसीलला नवीन मॅडम आलेल्या. पहिल्याच तारखेला त्यांनी आम्हा वकिलांना थांबवलं आणि सरळ अण्णांना विचारायला सुरुवात केली.

"काका, वाट बंद कधी झाली?"

"त्या साली दिवाळीत बघा मॅडम, ऊस तोडायच्या टायमाला."

"आणि यांनी बाग कधी लावली?"

"झाली की त्याच्या आधी तीन वर्षं."

"मग बाग असताना तीन वर्षं गाडी कुठनं जात होती?"

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी काही बोललो नाही, बोलण्यासारखं नव्हतंच. "शेजारच्या पडीकातनं," अण्णा म्हणाले. मॅडमनी ते त्यांच्या शब्दांत लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली आणि मला म्हणाल्या, "वकीलसाहेब, अडवलेली वाट मोकळी करून पाहिजे का बांधानं नवीन पाहिजे, ते एकदा ठरवा, दोन्ही एका अर्जात मी चालवणार नाही."

दिवाणी कोर्टात न्यायाधीश शक्यतो असं करत नाहीत, उलटतपासात काय निघतंय ते बघत बसतात. तहसीलदाराचं तसं नाही, चौकशी पण त्यांनीच करायची आणि निकालपण त्यांनीच द्यायचा, म्हणून प्रश्न विचारणं हे त्यांच्या कामातच येतं. काही वकिलांना ते आवडत नाही, आमच्या पक्षकाराला साहेबांनीच उलटं विचारलं म्हणून बाररूममध्ये कुरकुर चालते. मला विचाराल तर मॅडमच्या त्या तीन प्रश्नांनी आमचं कलम ५ मेलं हे खरं, पण १४३ तिथंच उभं राहिलं, कारण पडीकातली वाट पण आता बंद, म्हणजे अण्णांना वाट नाही हे त्याच जबाबात आलं. आम्ही पुरसिस (लेखी निवेदन) देऊन ५(२) मागं घेतलं, १४३ चा स्वच्छ अर्ज दिला आणि पूर्वेच्या शेजाऱ्याला सामनेवाला २ म्हणून जोडला. पहिल्या अर्जात त्याचं नावच नव्हतं, आणि बांध त्याचा आणि तात्यांचा सामाईक. ज्याच्या बांधावरनं वाट मागताय त्यालाच पक्षकार केलं नसेल तर आदेश त्याच्यावर चालणार कसा.

पाहणी गड्ड्याची जत्रा (सोलापुरातली, जानेवारीतली) झाल्यावरची ठेवली. तिघांना लेखी नोटीस, तारीख आणि वेळ टाकून, कोतवालानं घरी जाऊन बजावलेली, पोच फाईलीला. मॅडम स्वतः आल्या, बरोबर मंडळ अधिकारी, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), गट नकाशा आणि टेप. तीन पर्याय चालून बघितले. पहिला बागेतला मधला, जुन्या वाटेचा. तो त्यांनी जागेवरच बाजूला ठेवला, १४३ खाली रानाच्या मधनं देता येत नाही म्हणून. दुसरा पाटाच्या चारीचा, जो तात्यांचा मुख्य मुद्दा होता, "चारीनं जा की, कोण नको म्हणतंय". मॅडम चारीनं पार टोकापर्यंत चालत गेल्या. मधे मोरी खचलेली, जमीन पाटबंधारे खात्याची, आणि काळी माती, जिच्यात पाऊस झाला की भरलेली ट्रॉली रुततेच, हे इथल्या कुणाला सांगावं लागत नाही पण निकालात लिहावं लागतं, आणि त्यांनी ते लिहिलं.

तिसरा पर्याय पूर्वेचा बांध. तिथं बागेच्या टोकाला उभं राहून त्यांनी तात्यांना विचारलं, "फवारणीचा ट्रॅक्टर कुठं वळवता?" तात्या म्हणाले इथंच, टोकाला. म्हणजे बांधालगत तात्यांनी वळायला जागा सोडलेलीच होती, वाट झाली तर वेल एकही जात नव्हता, फक्त अँगलचे ताणे आत सरकवावे लागणार होते. शेजाऱ्याच्या बाजूला उसाची कडेची सरी जाणार. पूर्ण केसमधलं सगळ्यात उपयोगी वाक्य ते "इथंच, टोकाला", आणि ते केबिनमध्ये बसून कधीच निघालं नसतं.

पण पाहणीत धोका पण असतो, आणि मॅडमचं काम मला जे आवडलं ते इथं. अधिकारी स्वतः जागा बघतो तेव्हा तो एका अर्थानं साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराचा उलटतपास घेता येतो, तहसीलदाराचा येत नाही. मग त्यांनी जे बघितलं ते पक्षकारांपुढं येणार कसं? मॅडमनी टिपण बांधावरच लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, तात्यांनी सही नाकारली तर तसं नमूद केलं, आणि पुढच्या तारखेला तिघांना टिपणाची प्रत देऊन हरकतीला मुदत दिली. तात्यांनी हरकत घेतली की विहिरीपासून बांधाचं अंतर चुकीचं लिहिलंय, वाट केली तर विहिरीचा काठ ढासळेल. मंडळ अधिकाऱ्याला परत पाठवलं, सगळ्यांसमोर परत मोजलं, अंतर खरंच चुकलेलं निघालं, दुरुस्त केलं. वाट काठाला धोका होण्याइतकी जवळ नव्हती हा भाग वेगळा, पण टिपण दिलं नसतं तर हीच चूक पुढं वरच्या कोर्टात निघाली असती आणि आम्ही तिसऱ्यांदा पहिल्या पायरीवर आलो असतो.

मधे एका पुढाऱ्याचं पत्र आलं, "अर्जदार गरीब शेतकरी असून सहकार्य करावे" वगैरे. आमच्याच बाजूचं. अण्णांनी कुणाला तरी सांगितलं असणार, मला कळवलं नव्हतं. मॅडमनी ते पत्र फाईलीला लावलं, रोजनाम्यात नोंद केली आणि तात्यांच्या वकिलांना प्रत दिली. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर कुणाचं पत्र आलं नाही.

तडजोडीला पण एक तारीख दिली होती. तात्या बऱ्यापैकी तयार झाले, ताणे हलवायचा खर्च अण्णांनी द्यायचा या बोलीवर. शेजारी तयार झाला नाही, त्याचं म्हणणं मला यांच्या भाऊबंदकीत का ओढता, मी तर तीन वर्षं फुकट वाट दिली. त्याच्या जागी मी असतो तर मला पण तसंच वाटलं असतं. कलम १४३ मध्ये नुकसानभरपाईबद्दल काही लिहिलेलं नाही, त्यामुळं जे काही द्यायचं ते राजीखुशीनं.

निकाल आला तो सात पानी. पूर्वेच्या बांधावरनं १० फूट, ५ फूट तात्यांकडनं आणि ५ शेजाऱ्याकडनं. तिन्ही पर्याय का घेतले किंवा का सोडले त्याची कारणं, पाहणीचं टिपण, त्यावरची हरकत आणि हरकतीचं काय केलं ते सगळं आत. अटी पण कामाच्या: तात्यांची पाईपलाईन जिथं आडवी येते तिथं अण्णांनी स्वखर्चानं पाईप टाकून वरनं मुरूम करायचा, ताण्यांचा खर्च कबूल केल्याप्रमाणे अण्णांचा, वाट फक्त शेतीच्या वापराला. आता २०२५ च्या मे मधल्या शासन निर्णयात शेतरस्ता ३ ते ४ मीटर आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद असं आलंय, आमचा निकाल त्याच्या आधीचा, पण १० फूट म्हणजे ३ मीटरच्या आसपासच आणि नोंदीचा आदेश त्यात होताच.

निकालाची एक गोष्ट मला खटकली ती सांगून टाकतो. शेजाऱ्यानं तीन वर्षं वाट दिली होती हे सातही पानांत कुठं आलं नाही. कायद्याला त्याची गरज नव्हती, मान्य, पण सुनावणीत तो माणूस तेच एक सांगत होता, आणि आपण सांगितलेलं निकालात दिसलं नाही की माणसाला वाटतं आपलं ऐकलंच नाही. पुढचा दावा निम्मा त्यातनं आलाय असं माझं मत.

अंमलबजावणीला मंडळ अधिकारी, फक्की मारून आखणी, शेजाऱ्यानं जेसीबी अडवायची भाषा केल्यामुळं पोलीस बंदोबस्त. एका दिवसात झालं. तात्या पुढं कुठं गेले नाहीत. शेजाऱ्यानं मात्र वर्षाच्या आत दिवाणी दावा लावला. त्याला कुणीतरी प्रांतांकडं अपील पण करून ठेवा म्हणून सांगत होतं, पण १४३ मध्ये एकदा दावा लावला की त्या निकालावर अपील-पुनरीक्षण चालत नाही, दोन्हीकडं पाय ठेवता येत नाही. दाव्यात तूर्तातूर्त मनाईचा अर्ज होता, तो नामंजूर झाला. कोर्टानं पाहणीची नोटीस, टिपण आणि हरकतीनंतरची दुरुस्ती या तिन्हींचा उल्लेख केलाय. आमची कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दाखल आहे, कोर्टानं वादाचे मुद्दे काढायचे बाकी आहेत. गेल्या हंगामात अण्णांचा ऊस ट्रॉलीनं त्याच बांधावरनं बाहेर पडला, आणि तात्यांची द्राक्षाची गाडीपण आता तिकडनंच भरते, मुरूम अण्णांच्या पैशाचा असला तरी.